इंदिरानगरचा फ्लॅट: विकणारं नक्की कोण?

पार्श्वभूमी

नाशिकच्या इंदिरानगरात 1997 च्या सुमारास बांधलेली एक इमारत. लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. मालक सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. फ्लॅट त्यांनी स्वकमाईतून, एकट्याच्या नावावर घेतला होता. 2019 मध्ये ते वारले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे पत्नी (एजंट त्यांना काकू म्हणायची, आपणही तेच म्हणू), अमेरिकेत नोकरीला असलेला मुलगा आणि पुण्यात संसार थाटलेली मुलगी. 2023 च्या पावसाळ्यात काकूंच्या गुडघ्यांनी जिन्यापुढे हात टेकले आणि हा फ्लॅट विकून लेकीजवळ पुण्यात लहानसं घर घ्यायचं ठरलं.

घेणारं जोडपं पाथर्डी फाट्याला भाड्याने राहत होतं. तो अंबडच्या कंपनीत, ती शाळेत शिक्षिका. कर्ज काढूनच घर घ्यायचं होतं. अकरा महिन्यांचा भाडेकरार डिसेंबरात संपत होता आणि त्याआधी नव्या घरात जायचं, असा त्यांचा हिशेब.

मध्ये एकच एजंट, दोन्ही बाजूंची. दोघांकडून एक-एक टक्का. नाशिकच्या जुन्या फ्लॅटांच्या बाजारात हे सर्रास चालतं. रेराखाली (स्थावर मालमत्ता नियमनाच्या कायद्याखाली) एजंटला नोंदणी लागते ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पांमधल्या विक्रीसाठी. पंचवीस वर्षांपूर्वीच्या फ्लॅटच्या फेरविक्रीत ती व्यवस्था फारशी आडवी येत नाही. म्हणून एजंटने काय करायचं आणि काय नाही, हे बरंचसं तिच्या स्वभावावरच सोडलेलं असतं. या प्रकरणात तो स्वभाव चौकस होता. नावं आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

किंमत

काकूंच्या डोक्यात 60 लाख होते. पलीकडच्या गल्लीतल्या लिफ्टवाल्या इमारतीतला फ्लॅट 62 लाखांना जाहिरातीत लागला होता, आणि आकडा तिथूनच आलेला. एजंटने वाद घातला नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदलेल्या खरेदीखतांचे सारांश) पाहता येतात. त्याच रस्त्यावरच्या, तशाच वयाच्या इमारतींमधले काही तिने छापून आणले आणि काकूंच्या पुढ्यात ठेवले. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांतलं अंतर कागदावर दिसलं की माणूस आपसूक खाली येतो. जाहिरात 50 लाखांची निघाली.

घर दाखवायच्या आदल्या दिवशी एजंट एकटीच फ्लॅटवर गेली. बेडरूमच्या भिंतीवर कालनिर्णय जरा विचित्र उंचीवर टांगलेलं होतं. ते उचललं तर मागे हातभर ओल. शेजारच्या बाथरूमचं पाणी भिंतीत मुरत होतं आणि खालच्या मजल्यावरचे लोक दोन वर्षं तक्रार करत होते. काकू म्हणाल्या, "अगं, राहू दे ना कॅलेंडर तिथंच." एजंटने ते काढून दाराच्या मागे लावलं. जोडप्याला ओल दाखवली, प्लंबरचा अंदाजही सांगितला. त्यांनी 45 ची बोली लावली आणि शेवटी 48 लाखांवर ठरलं.

इथे एजंटच्या दुहेरी भूमिकेचा पहिला कस लागला. काकू 46 पर्यंत उतरतील हे तिला माहीत होतं. जोडप्याची ताणून 50 ची तयारी आहे, हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी तिने पोटात ठेवल्या आणि मध्ये फक्त आकडे पोचवले. दोन्हीकडून पैसे घेणाऱ्या माणसाकडून यापेक्षा जास्त प्रामाणिकपणाची अपेक्षा मी करत नाही. कमीची मात्र करू नये.

काकूंच्या भाच्याने "थोडे वरून, थोडे चेकने" असा विषय काढला होता. एजंटने तो जागीच मिटवला. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर आयकर कायद्याखाली तेवढाच दंड बसू शकतो, एवढं सांगणं पुरलं.

अडचण

ठरलं सप्टेंबरच्या शेवटी, आणि लगेच पितृपक्ष लागला. त्या वर्षी तो 14 ऑक्टोबरपर्यंत होता. या पंधरवड्यात टोकन द्यायला कोणी तयार होत नाही आणि घ्यायलाही. अनेक एजंट हे दिवस वाया गेले असं धरतात. हिने कागद गोळा करायला घेतले: मूळ खरेदीखत, डीड ऑफ अपार्टमेंट (फ्लॅटच्या मालकीचा दस्त), बांधकाम पूर्णत्वाचा दाखला, महापालिकेची घरपट्टी-पाणीपट्टी, वीजबिल, मृत्यूचा दाखला.

यजमान गेल्यावर काकूंनी घरपट्टी आणि वीजबिल स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं, त्यामुळे घर आपल्या नावावर झालंच आहे असं त्या धरून चालल्या होत्या. नाशकात हा समज घरोघरी आढळतो. घरपट्टीवरचं नाव म्हणजे कर कोणाकडून वसूल करायचा त्याची नोंद. त्याने मालकी येत नाही आणि जातही नाही. फ्लॅट विकायला घेतानाच एजंटने वारस कोण कोण असं विचारलं होतं. काकूंचं उत्तर होतं, "मी आणि दोन मुलं."

कागद न्यायला ती आली तेव्हा काकू श्राद्धाच्या सामानाची यादी करत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "यांची तिथी झाली, आता परवा सासूबाईंची. त्या यांच्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. पोटचा मुलगा डोळ्यांदेखत गेला, फार हाय खाल्ली त्यांनी."

एजंटने हातातला कप खाली ठेवला, असं ती सांगते.

हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाचे वर्ग एकचे वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि आई. आई हयात असेल तर तिलाही सारखाच वाटा. म्हणजे 2019 मध्ये फ्लॅटचे चार समान हिस्से झाले आणि त्यातला एक निफाडजवळच्या गावी राहणाऱ्या म्हाताऱ्या आईचा होता. त्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांनीही कधी विचारलं नाही. 2021 मध्ये त्या गेल्या, त्यांचंही मृत्युपत्र नाही, यजमान आधीच गेलेले. त्यांचा पाव हिस्सा त्यांच्या तीन मुलांकडे उतरला: गावी द्राक्षबाग करणारे काका (काकूंचे दीर), सिन्नरला दिलेल्या आत्या (काकूंची नणंद), आणि आधी वारलेल्या मुलाच्या वाटचा त्याच्या दोन्ही मुलांना. त्या वाट्यात सुनेला, म्हणजे काकूंना, काहीच नाही.

48 लाखांचा हिशेब मांडला तर काकू 12 लाख, मुलगा 14, मुलगी 14, काका 4, आत्या 4. ज्या घरात बाईने पंचवीस वर्षं काढली, त्यात कायद्याने तिचा वाटा पाव. हा कागद काकूंपुढे ठेवणं एजंटला सगळ्यात जड गेलं.

दुसरी गाठ मुलाची. व्यवहार 50 लाखांच्या आतला, म्हणून एक टक्का टीडीएसचा (खरेदीदाराने रकमेतून आधीच कापून भरायच्या कराचा) प्रश्न नाही, असं सगळे धरून होते. पण विकणाऱ्यांत अनिवासी माणूस असेल तर 50 लाखांची मर्यादा कामाची नाही. त्याच्या हिश्शावर खरेदीदाराने वेगळ्या कलमाखाली कर कापायचा असतो. त्या वेळी दर दीर्घकालीन भांडवली नफ्यावर 20 टक्के आणि वर उपकर. नफा किती ते खरेदीदाराला परस्पर ठरवता येत नाही, म्हणून सहसा पूर्ण रकमेवरच कापतात. मुलाचे 14 लाख धरले तर तीन लाखांच्या आसपास रक्कम विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकली असती. कापला नसता, तर आयकर खात्याने मुलाला सोडून या शिक्षिका-नोकरदार जोडप्याला धरलं असतं.

पर्याय

पहिला पर्याय भाच्याने सुचवला. आजींचं, म्हणजे सासूबाईंचं, नाव कुठल्याच कागदावर नाही, मग तीनच वारसांचं प्रतिज्ञापत्र करून टाकू, कोणाला कळतंय? खरं सांगायचं तर कदाचित कळलंही नसतं. बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च (नोंदलेल्या जुन्या दस्तांचा शोध) काढतो, पण ज्या बाईचं नाव कधी नोंदलंच गेलं नाही ती सर्चमध्ये कशी दिसणार? उद्या काकांच्या मुलांनी दावा लावला असता तर घर जोडप्याचं अडकलं असतं, आणि खोट्या प्रतिज्ञापत्रावर सही मात्र काकूंची. एजंटने सांगितलं की असं करायचं असेल तर मी यातून बाहेर. तिचे दोन्हीकडचे मिळून 96 हजार पणाला होते, हेही इथे नोंदवायला हवं.

दुसरा, दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र काढायचं. भक्कम, पण महिनोन्महिने चालणारं. वारसांमध्ये भांडण असतं तर याला इलाज नव्हता.

तिसरा, पाचही जणांनी विक्रेते म्हणून खरेदीखतावर सह्या करायच्या आणि ज्याने त्याने आपला वाटा घ्यायचा. सगळ्यात स्वच्छ, पण मुलाच्या हिश्शाचा टीडीएस डोक्यावर, जोडप्याला त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा) क्रमांक काढावा लागणार, आणि काकूंच्या हाती जेमतेम 12 लाख. पुण्यात घर राहिलं बाजूला.

चौथा, बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्राने आपापले हिस्से काकूंच्या नावे सोडायचे आणि मग काकूंनी विकायचं. यात मुलं राजी असण्याचा प्रश्न नव्हता, ती होतीच. प्रश्न काका-आत्यांचा होता, कारण 2019 नंतर दोन्ही घरांचं येणं-जाणं आटलं होतं.

एजंटने इथे स्वतः निवड केली नाही. काकूंना त्यांचा वकील घ्यायला लावला आणि जोडप्याला त्यांचा वेगळा. दोघांची फी वाचवून एकच वकील घेऊ, असं दोन्हीकडून म्हणून झालं होतं. तिने ऐकलं नाही. ही या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. एजंट दोन्हीकडचा असेल तर निदान वकील तरी एकेकाचा असावा.

काय केलं

काकांना फोन कोणी करायचा यावर बरीच चर्चा झाली. काकूंचं म्हणणं, एजंट बोलण्यात तरबेज आहे, तिनेच करावा. एजंटने साफ नकार दिला. परकी बाई फोनवर "तुमचा हिस्सा सोडा" म्हणाली, तर समोरचा आधी वकील गाठणार आणि मग शेजाऱ्याला विचारणार. "काकू, तुम्ही स्वतः जा. ताईंना पुण्याहून बोलवून घ्या. आणि आधी कागद काढू नका, आधी जेवा."

दोघी गेल्या. काका बागेत होते. ऑक्टोबर म्हणजे निफाडकडे छाटणीचा हंगाम. छाटलेल्या काडीला मजूर पेस्ट लावत होते आणि पावसाचं सावट होतं. पहिला तासभर काकांनी बागेशिवाय दुसरा विषय काढला नाही. मग म्हणाले, "दादाच्या घरातलं आम्हाला काही नको वहिनी. पण आई गेल्यावर तुम्ही एकदाही विचारायला आला नाहीत." सही द्यायला ते तयार झाले, मात्र छाटणी उरकल्यावर.

आत्यांचं निराळं. आईने शेवटचं वर्ष त्यांच्याकडे सिन्नरला काढलं होतं, दुखणंखुपणं त्यांच्याच अंगावर पडलं होतं. त्यांना चार लाख हवे होते, आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं. काकूंच्या मुलीने मध्यम मार्ग सुचवला: आत्यांनी हक्कसोड करावी आणि नंतर आईने त्यांना आपखुशीने पैसे द्यावेत. वकिलाने तो लगेच थांबवला. मोबदला ठरवून हिस्सा सोडायचा तर तो कागदावर यायला हवा आणि त्यावर तसं मुद्रांक शुल्क भरायला हवं. तोंडी ठरलं तर उद्या काकू फिरल्या काय किंवा आत्यांनी आकडा वाढवला काय, कोणाच्या हाती काही उरत नाही. त्यापेक्षा आत्यांनी हक्क न सोडता काकूंबरोबर सहविक्रेत्या व्हावं आणि चार लाखांचा डीडी थेट त्यांच्या नावे निघावा. शेवटी तेच झालं.

मुलाने मुखत्यारपत्र बहिणीच्या नावे करायचं होतं. त्याने इंटरनेटवरून नमुना घेतला, भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन साक्षांकित केला आणि पाठवला. त्यात फ्लॅट विकण्याचा अधिकार होता, हक्क सोडण्याचा नव्हता. वकिलाने परत धाडला. पुन्हा मसुदा, पुन्हा दूतावासाची वेळ, पुन्हा कुरिअर. दुसरा कागद डिसेंबरच्या सुरुवातीला नाशकात आला. परदेशात केलेल्या दस्ताला तो भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ते काम एजंटने स्वतः पाठपुरावा करून करवून घेतलं.

मधल्या काळात दसरा आला, 24 ऑक्टोबरला. जोडप्याला त्या मुहूर्तावर टोकन द्यायचंच होतं. वारसांच्या सह्या तोवर झाल्या नव्हत्या. एजंटने 51 हजारांचा चेक काकूंच्या नावे घेऊ दिला, पण इसारपावतीत लिहून घेतलं: हक्कसोडपत्रं आणि आत्यांची संमती 31 डिसेंबरपर्यंत झाली नाही तर पूर्ण रक्कम परत, कपात नाही, आणि तोवर एजंटला दलाली नाही. वारसांची खरी यादी पावतीतच घातली, म्हणजे जोडप्याला सगळं ठाऊक असून त्यांनी पैसे दिले, याची नोंद राहिली.

तिची बाकीची कामं किरकोळ दिसतात, पण दिवस त्यातच गेले. कर्जाच्या फॉर्मवर बँकेला सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हवं होतं. ही सोसायटी नाही, 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं अपार्टमेंट आहे, इथे डीड ऑफ अपार्टमेंट असतं, हे तिने शाखेत बसून समजावलं. पाथर्डी फाट्याच्या घरमालकाला दोन महिने मुदत वाढवायला लावली. घर एकट्या शिक्षिकेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का, म्हणजे 48 हजारांची सवलत आहे, हेही आधीच सांगितलं. दोघांनी नाव दोघांचं ठेवायचं ठरवलं, पण हिशेब समजून.

नोव्हेंबरात एक दुसरा ब्रोकर काकूंकडे येऊन गेला. त्याच्याकडे 52 लाखांचं गिऱ्हाईक होतं आणि "एवढी कागदांची कटकट आम्ही करत नाही" असं त्याचं म्हणणं. काकू दोन रात्री झोपल्या नाहीत. इसारपावतीवर सही नसती तर त्या डळमळल्या असत्या, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

निष्पत्ती

काकांनी दिवाळीनंतर नाशकात येऊन हक्कसोडपत्रावर सही केली. डिसेंबरात मुलगी आणि तिच्यामार्फत मुलगा. स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, हरकत आली नाही. खरेदीखत जानेवारी 2024 च्या पहिल्या आठवड्यात, पौष लागायच्या आत झालं. काकूंना 44 लाख, आत्यांना 4 लाख. मुलाने हिस्सा विक्रीआधीच आईला सोडल्यामुळे खरेदीदारावर अनिवासी विक्रेत्याचा टीडीएस कापायची वेळ आली नाही. इसारपावतीतली 31 डिसेंबरची मुदत जेमतेम सांभाळली गेली. शेवटचं हक्कसोडपत्र नाताळच्या आठवड्यात नोंदलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त उपाय 2019 मध्येच होता. सासूबाई हयात होत्या, सुनेवर त्यांचा राग नव्हता. त्यांनी तेव्हाच एक हक्कसोडपत्र केलं असतं तर काका-आत्यांचा प्रश्नच उभा राहिला नसता. घरातलं माणूस गेल्यावर लोक बँकेची खाती आणि पेन्शनची कागदपत्रं तातडीने करतात, घर मात्र विकायची वेळ येईपर्यंत कोणी उघडून पाहत नाही.

"वारस कोण?" हा प्रश्न एजंटने सुरुवातीला विचारला होता, पण तो अपुरा होता. ज्याच्या नावावर घर आहे तो गेला त्या दिवशी पत्नी, मुलं आणि आई यांपैकी कोण कोण हयात होतं, असं नावानिशी विचारायला हवं होतं. उत्तर श्राद्धाच्या यादीतून मिळालं, हा नशिबाचा भाग. मुखत्यारपत्राचा मसुदाही पहिल्यापासून वकिलाने दिला असता तर महिनाभर वाचला असता.

दसऱ्याच्या इसाराबद्दल माझं मत अजून दोन्हीकडे आहे. मालकी स्पष्ट नसताना टोकन घेऊ नये, असा साधा नियम. हिने तो मोडला. पण त्याच कागदामुळे 52 लाखांचं आमिष टळलं, आणि जोडप्याचे पैसे अटींनी राखले गेले. एक फरक मी केला असता: चेक काकूंच्या खात्यात न जाता जोडप्याच्या वकिलाकडे राहिला असता, तर परतीची वेळ आली असती तरी वाद झाला नसता.

आणि दलाली. खरेदीखतानंतर जोडप्याने विचारलं की तुमची बहुतेक धावपळ विकणाऱ्यांच्या कागदांसाठी होती, मग आम्ही पूर्ण टक्का का द्यायचा? एजंटचं उत्तर असं की ते कागद झाले नसते तर तुम्ही दुसऱ्याच्या घरात राहायला गेला असता. दोन्हीत तथ्य आहे. जोडप्याने पूर्ण पैसे दिले, पण थोडे नाराजीने. कोणत्या कामासाठी कोणाकडून किती आणि व्यवहार फिसकटला तर काय, हे पहिल्या भेटीत अर्ध्या पानावर लिहून दोन्ही बाजूंना दिलं असतं तर हा प्रश्न शेवटी आला नसता. सध्याच्या रिवाजात एजंटला पैसे मिळतात ते फक्त खरेदीखत झालं तर. आजींचं नाव पुढे आणणाऱ्यालाही तेवढेच आणि दडवणाऱ्यालाही तेवढेच.